यवसुरा आणि सरबत

मासिकाच्या पानावर बिअरचें नांव पाहून कित्येक घरांतील वडील मंडळी चष्मा पुसून पुन्हा पाहतील, याची मला कल्पना आहे. त्यांस प्रथमच सांगून ठेवतों, कीं प्रस्तुत लेखकानें आयुष्याचीं पासष्ट वर्षें चहापलीकडील कोणत्याही पेयाशीं संबंध ठेविला नाहीं, आणि यापुढेंही ठेवण्याचा विचार नाहीं. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील नांदूरघाट हें माझें गांव. बालाघाटाच्या त्या कोरड्या मुलुखांत मुलांना संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत माझी हयात गेली. गेल्या उन्हाळ्यांत मात्र चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्हीं उभयतांनीं जर्मनींतील म्युनिक शहरीं अडीच महिने काढले. तेथील राजवाडे, चित्रशाळा आणि आल्प्सचें बर्फ यांचीं वर्णनें माझ्याहून अधिकारी लेखकांनीं पुष्कळ केलीं आहेत. मला लिहावयाचें आहे तें एका पेल्याविषयीं. त्या पेल्यानें आमच्या घरांत जो विषय काढला, तो आज पुष्कळ घरांच्या उंबऱ्याशीं येऊन उभा असेल, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

म्युनिकमध्यें ‘बिअरगार्टन’ म्हणून एक संस्था आहे. नांवावरून गुत्त्याची कल्पना येते. प्रत्यक्षांत तें आमराईंतलें वनभोजन असतें. यंत्रानें थंडावा निर्माण करण्याची युक्ति निघण्यापूर्वीं बिअर बनविणारे लोक ती टिकावी म्हणून जमिनींत तळघरें खणीत, आणि तळघरावर ऊन पडूं नये म्हणून चेस्टनटचीं झाडें लावीत. गिऱ्हाइकें त्या झाडांखालींच बसून पिऊं लागलीं, तेव्हां शहरांतील खानावळवाल्यांनीं कुरकुर केली. १८१२ च्या जानेवारींत बव्हेरियाचा राजा पहिला मॅक्सिमिलियन योझेफ यानें तोड काढली, ती अशी: या लोकांनीं आपल्या तळघराच्या जागीं बिअर खुशाल विकावी, पण पावाखेरीज खाद्यपदार्थ विकूं नयेत. मग लोक घरूनच शिदोरी आणूं लागले. आज तेथें खाद्यपदार्थही विकत मिळतात, परंतु आपला डबा आपण आणून बसण्याचा हक्क लोकांनीं अद्याप सोडलेला नाहीं. दोनशें वर्षांपूर्वींच्या एका राजाज्ञेमुळें नांदूरघाटच्या धपाट्यांना म्युनिकमध्यें मानाची जागा मिळाली, याबद्दल मी त्या राजाचा ऋणी आहें.

कारण एका रविवारीं दुपारीं आम्ही पांचजण तेथें गेलों, तेव्हां सौभाग्यवतीनें धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही असा सरंजाम बांधून घेतला होता. लांबच लांब बाकें मांडलेलीं, आणि त्यांवर अनोळखी माणसें लग्नाच्या पंगतींतल्याप्रमाणें खांद्याला खांदा लावून बसलेलीं. आमच्या शेजारीं एक वृद्ध दांपत्य मुळ्याच्या चकत्या व मीठ लावलेल्या पावाचीं वेटोळीं घेऊन बसलें होतें. पलीकडे एक बाई मांडीवरच्या मुलाला खेळवीत होती. कोणी बरळत नव्हतें, कीं कोणी कोणावर धांवून जात नव्हतें. चिरंजीव तबक घेऊन आले. आम्हां उभयतांस आणि नातीला सफरचंदाच्या रसांत सोडा घालून करतात तें पेय. त्यांच्या स्वतःच्या पुढें अर्ध्या लिटरचा उंच, पिवळा, फेंसाळ पेला. तो पेला त्यानें आणि सूनबाईनें दोघांत मिळून घेतलेला होता, हें मला मागाहून कळलें.

“हें काय रे?” मीं सहज विचारलें.

“लिंबूसरबत आहे, अण्णा,” तो म्हणाला, आणि पेल्याकडे न पाहतां चटणीच्या डब्याचें झांकण उघडूं लागला.

माझी नात आठ वर्षांची आहे. चुकीचें विधान ऐकून गप्प बसण्याची कला तिला अजून कोणीं शिकविलेली नाहीं. “नाहीं हो आजोबा, तें राडलर आहे. बाबा नेहमीं तेंच घेतात. अर्धें सरबत असतें आणि अर्धी बिअर.”

कोणीच कांहीं बोललें नाहीं. सौभाग्यवतीनें सर्वांना एकेक धपाटा वाढला.

शेजारचे वृद्ध गृहस्थ निवृत्त शिक्षकच निघाले. त्यांचें इंग्रजी बरें होतें आणि माझें शाळेपुरतें, म्हणून दोघेही सावकाश बोललों, आणि त्यामुळें पुष्कळ बोललों. ‘राडलर’ म्हणजे सायकलस्वार. १९२२ सालच्या जून महिन्यांत एका शनिवारीं म्युनिकजवळच्या डाइझेनहोफेन येथें फ्रान्झ क्साव्हर कुग्लर याच्या खानावळींत तेरा हजार सायकलस्वार एकदम लोटले. बिअर संपत आली. तेव्हां कोठारांत पडून राहिलेलें, कोणी न विचारणारें लिंबाचें गोड सोडावॉटर कुग्लरनें बिअरमध्यें निम्मेंनिम मिसळलें आणि वर सांगितलें, कीं घरीं जातांना सायकलीवरून पडूं नये म्हणून हें मुद्दाम तुमच्यासाठींच तयार केलें आहे! गोष्ट रसाळ आहे. मात्र आमच्या मीमांसकांच्या भाषेंत तिला अर्थवाद म्हणावें लागेल. विधि अगोदर असतो, आणि त्याची स्तुति करणारी कथा मागाहून जन्म घेते. लेना ख्रिस्ट या बव्हेरियन लेखिकेच्या १९१२ सालच्या आत्मकथनांत या पेयाचा उल्लेख सांपडतो, असें पुढें वाचनांत आलें. म्हणजे कुग्लरच्या त्या शनिवारापूर्वीं दहा वर्षें तरी सायकलस्वार तें पीतच होते.

एका मिसळीचीं नांवें तरी किती! उत्तरेस हॅम्बुर्गकडे तिला ‘आल्स्टर नदीचें पाणी’ म्हणतात. गव्हाच्या बिअरमध्यें तेंच सरबत घातलें कीं बव्हेरियांत तिचें नांव ‘रशियन’. फ्रान्समध्यें ती पानाशे होते, स्पेनमध्यें क्लारा. बर्लिनचे लोक आपल्या आंबट बिअरमध्यें तांबडा किंवा हिरवा पाक घालून ती होळीच्या रंगासारखी करून घेतात. इंग्रजांची शँडी याच कुळांतली. एकोणिसाव्या शतकांत ते आल्याच्या फेंसाळ पेयांत बिअर मिसळीत. १८६१ सालीं व्हिक्टोरिया राणीचा पति आल्बर्ट वारला, तेव्हां लंडनमधील एका क्लबानें शँपेनलाही सुतक पाळावयास लावलें व तिच्यांत काळी बिअर ओतली, अशीही कथा आहे. मेक्सिकोंत तर बिअरमध्यें लिंबू, मीठ आणि तिखट घालतात, हें ऐकल्यावर सौभाग्यवतीनें “मग थोडे कुरमुरेही घालावेत कीं” असा अभिप्राय दिला. विशेष नवल याचें, कीं १५१६ सालीं ज्या बव्हेरियाच्या सत्ताधीशांनीं जव, हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें आणि पाणी यांखेरीज बिअरमध्यें कांहीं पडूं नये असा निर्बंध घातला, तेथेंच ही संकरविद्या इतकी फोंफावली. फक्त १९९३ पर्यंत ही मिसळ तयार करून बाटलींत भरतां येत नसे. पेल्यांतच करावी लागे.

त्या रात्रीं मला लवकर झोंप लागली नाहीं. अशा वेळीं मी जपमाळेऐवजीं शब्द मोजतों. मनुस्मृतींत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि माध्वी. धान्यापासून होणारी म्हणून बिअर ही पैष्टीच्या वर्गांत बसते. मिसळण्याचा प्रकारही आपल्याला नवा नाहीं. ऋग्वेदांतील सोमरसांत दूध, दहीं किंवा जव मिसळीत, आणि त्या मिश्रद्रव्याला ‘आशिर्’ हा स्वतंत्र शब्द आहे. जव मिसळलेला सोम तो यवाशिर. कौटिल्यानें सुराध्यक्ष नांवाचा अधिकारी नेमून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशीं मद्यें सांगितलीं आहेत, आणि तांदुळाच्या मेदकांत पाणी किती व किण्व किती हेंही मापासह दिलें आहे. उलट आपलें पन्हें हें संस्कृत पानक शब्दापासून आलेलें, सर्वथा निर्दोष. साहेबाचा ‘पंच’ हा तर बहुधा आपलाच पांच: सतराव्या शतकांत सुरत-मुंबईकडे आलेला जॉन फ्रायर हा डॉक्टर त्या पेयांत पांच पदार्थ पडतात म्हणून हें नांव पडल्याचें लिहून गेला आहे. तेव्हां राडलर म्हणजे पैष्टी आणि पानक यांचा मिश्रविवाह, इतपत मीं मनाशीं ठरविलें.

परंतु शब्दांचा हा खेळ एका जागीं येऊन अडला. शतपथ ब्राह्मणांत सोम आणि सुरा यांची तुलना आहे. सोमाला तेथें सत्य व प्रकाश म्हटलें आहे. सुरेला अनृत आणि तम. हा उतारा मीं शाळेंत कधीं शिकविला नाहीं, पण तरुणपणीं शास्त्रीबुवांकडे वाचला होता. सुरेला अनृत कां म्हणावें, हें तेव्हां नीट उमगलें नव्हतें. त्या रात्रीं अंथरुणावर तें उमगलें. निम्मे सरबत घातल्यानें बिअरमधला मद्यांश पांच टक्क्यांवरून अडीचावर येतो, हें त्रैराशिक बरोबर आहे. पण ‘लिंबूसरबत’ या एका शब्दांत जें अनृत होतें, तें कोणत्याही सरबतानें निम्मे होत नव्हतें. अडतीस वर्षांचा, स्वतःच्या संसाराचा धनी असलेला, ज्याच्यावर मीं जन्मांत कधीं हात उगारला नाहीं असा हा मुलगा माझ्याशीं खोटें कां बोलला?

त्याचें उत्तर म्युनिकमध्यें सांपडणारें नव्हतें, नांदूरघाटांत सांपडणारें होतें. आमच्याकडे दारू हा शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें जें येतें, त्याला झाडांची सावली नसते. आमचा भाग पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या तिजोरींत अबकारीचा पैसा मोठा असे, आणि तो ओढ्याकांठच्या शिंदीच्या झाडांतून ठिबकत असे. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यांत स्टेट काँग्रेसच्या लोकांनीं तीं झाडें तोडण्याची मोहीमच काढली होती. माझे वडील तिच्या हकीकती सांगत. निजाम गेला, शिंदीही बरीच गेली, पण देशी दारूच्या बाटल्या आल्या. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकांत आहे, पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि परवाना पाहिलेला पिणारा मला अजून भेटावयाचा आहे. उसाच्या तोडीवर जाणाऱ्या कुटुंबांची उचल हातांत पडते, त्या आठवड्यांत कोणत्या घरीं काय होतें, हें बीड जिल्ह्यांतल्या शिक्षकाला वर्गांतल्या मुलांच्या चेहऱ्यांवरून कळतें. २००८ पासून एक बरी सोय झाली आहे. गांवांतील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनीं मतपत्रिकेवरील आडव्या बाटलीला कौल दिला, तर दुकान बंद होतें. उभी बाटली आणि आडवी बाटली! इतकी बोलकीं निशाणें इतर निवडणुकींत मीं पाहिलेलीं नाहींत. आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, आम्ही टँकरची वाट पाहत होतों, त्याच वेळीं वाळूजकडील बिअरचे कारखाने चालू होते. त्यांच्या पाण्यांत कपात करण्याचा हुकूम उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. बिअर हा शब्द आमच्या कानांना गोड कां लागत नाहीं, याला एवढीं कारणें आहेत.

याशिवाय आणखी एक. माझा एक विद्यार्थी होता. रघुवंशाचे श्लोक खणखणीत म्हणे. पुढें नोकरीला लागला, लग्न झालें, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं दारूनें गेला. तेराव्यानंतर त्याची बायको शाळेच्या दारांत आली आणि म्हणाली, “गुरुजी, त्यांना तुम्ही किती शहाणा म्हणायचा हो.” एवढेंच बोलून ती गेली. हा विद्यार्थी माझ्या मुलाला लहानपणीं खांद्यावर बसवून जत्रेला नेत असे.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही दोघे ईझार नदीच्या कांठानें फिरावयास गेलों. विषय त्यानेंच काढला.

“अण्णा, मी बिअर म्हटलं असतं तर तुम्हांला तोच आठवला असता. मग अडीच टक्के म्हणा, नाहीं तर अर्धा टक्का म्हणा, तुम्हांला मी त्याच्याच जागीं दिसलों असतों. म्हणून सरबत म्हणालों.”

मी कांहीं वेळ पाण्याकडे पाहत राहिलों. ती नदी डोंगरांतून येते. भर उन्हाळ्यांतही तिला खळाळतें पाणी होतें. मग मी म्हणालों, “तूं त्याच्या जागीं दिसूं नयेस, असें वाटत असेल, तर मला तुझा पेला दिसला पाहिजे. त्याचा पेला आम्हांला बारा वर्षें दिसला नव्हता. घरांत औषध म्हणत, बाहेर सोडा म्हणत. ज्या दिवशीं दारू म्हणाले, त्या दिवशीं डॉक्टरांच्या हातांत कांहीं उरलें नव्हतें.”

तो चालतां चालतां थांबला. मी पुढें म्हणालों, “तूं हें घेऊं नयेस, असें माझें मत आहे आणि तें मी म्युनिकचें पाणी पिऊन बदलणार नाहीं. पण घेशील तर माझ्यासमोर, खऱ्या नांवानें घे. आणि पोरीसमोर तरी मला सरबत सांगूं नकोस. तिनें काल मला खरें सांगितलें, आणि तुझ्याकडे पाहून ती घाबरली.”

“आणि काकांना?” त्यानें विचारलें. काका म्हणजे आमचे थोरले बंधु, वय चौऱ्याहत्तर, घराचे कर्ते. नांदूरघाटच्या वाड्यांत अजून आम्ही एका चुलीवर जेवतों.

“दादांना मी सांगेन,” मी म्हणालों. हें बोलणें सोपें होतें. आमच्यामध्यें चार समुद्र होते.

पुढच्या रविवारीं पुन्हा त्याच झाडांखालीं गेलों. चिरंजिवांनीं पेला माझ्यासमोर ठेविला आणि म्हणाले, “राडलर.” मीं मान हालवून आपला सफरचंदाचा रस घेतला. सौभाग्यवतीनें मात्र पेला नाकाशीं नेऊन वास घेतला आणि “उतलेल्या ताकासारखा येतो” असा निर्णय दिला.

वाचकांनीं असें समजूं नये, कीं मी त्या देशाच्या प्रेमांत पडून परत आलों. आमच्याकडे महाराष्ट्रांत बिअरसाठींही वयाचीं एकवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात. तेथें सोळाव्या वर्षीं ती विकत मिळते, आणि आईबाप बरोबर असतील तर चौदाव्या वर्षींही चालते, हें ऐकून मी बाकावरून उठलोंच होतों. गोड पेयांत कडक मद्य मिसळून बाटल्या विकणाऱ्यांनीं शाळकरी पोरांना गाठलें, तेव्हां २००४ सालीं सरकारनें त्यांवर खास कर बसविला. पण बिअरच्या मिसळी त्या कराबाहेर राहिल्या. कडूपणा हा मद्याचा दारवान आहे. त्याला साखरेची लांच देऊन बाजूस सारलें, म्हणजे आंत शिरणाऱ्याला अटकाव उरत नाहीं, ही माझी धास्ती शेजारच्या त्या वृद्ध शिक्षकांनाही पटली. त्यांचा धाकटा भाऊ याच व्यसनानें गेला, हें त्यांनीं मला निरोपाच्या दिवशीं सांगितलें. शिवाय नांव जरी सायकलस्वाराचें असलें, तरी रक्तांत मद्याचें प्रमाण हजारी १.६ झालें, कीं तेथें सायकल चालविणें हाही फौजदारी गुन्हा आहे. अलीकडे मद्यविरहित राडलरही सर्वत्र मिळतें. सूनबाई आतां बहुधा तेंच घेते. कां, तें मीं विचारलें नाहीं.

आम्ही परत आलों तो श्रावण लागला होता. तिसऱ्या दिवशीं ओसरीवर दादा पान लावीत बसले असतां मीं सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं अडकित्ता खालीं ठेविला.

“किती घेतो?”

“अर्धा लिटर. तोही दोघांत.”

“दोघांत म्हणजे कोणा दोघांत?”

हा प्रश्न येईल, याची तयारी मीं विमानांत केली नव्हती. मी गप्प राहिलों, आणि त्यांतच उत्तर पोंचलें. दादांनीं सुपारी तशीच ठेवून दिली व उठून मळ्याकडे निघून गेले. वहिनी दाराआड उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, गोड असतं का हो तें?”

दोन दिवस दादा माझ्याशीं कामापुरतेंच बोलले. रविवारीं नेहमींच्या वेळीं म्युनिकचा फोन आला. माझें बोलणें चालूं असतांच त्यांनीं हात पुढें केला आणि फोन कानाला लावला.

“काय रे, तें सायकलवाल्यांचं पाणी घेतलंस का आज?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. फोनचा आवाज मोठा असल्यामुळें आम्हां सर्वांना ती ऐकूं आली. मग चिरंजीव म्हणाले, “नाहीं काका. आज पाऊस आहे. घरींच आहोंत सगळे.”

“बरं मग चहा घ्या,” दादा म्हणाले, आणि विहिरीला यंदा किती परस पाणी आलें, तें त्याला सांगूं लागले.